गोजरबाईंच्या नावाची माशी

"डबा खाली ठेवा, काका. झाकण उघडू नका."

राधेश्यामने झाकण उघडलंच. आत टाचणीवर तिळाएवढी एक माशी चिकटवलेली होती. नुसती फुंकर लागली असती, तरी पंख गळाला असता.

"हिच्यापायी मला तीर्थपुरीत तोंड दाखवायची सोय न्हाई राह्यली. मोसंबीचा भाव विचारायला गेल्तो, तर अडत्या म्हणतो, काय भाऊ, माय आज गुळावर बसली का शेणावर?"

अर्पिता ओसरीच्या कडेला उभी होती. विद्यापीठातून आलेली ही मुलगी पावसाळाभर त्यांच्या मोसंबीच्या बागेत जाळी घेऊन फिरली होती. गळलेल्या फळांवर तिला ही माशी सापडली, आजवर कुणीच न नोंदवलेली. नर हा एवढा एकच मिळाला होता. तो मोडला, तर सगळं वर्णन रद्द. आणि काल आनंदाच्या भरात ती चारचौघांत सांगून बसली होती की माशीला आजींचं नाव दिलंय.

"आमच्यात हा मान असतो, काका."

"मान माणसाला दे. माझ्या मायचं नाव माशीला? बिलकुल चालायचं न्हाई. नाव बदल, न्हाईतर हे बघ." त्याचा अंगठा टाचणीवर आला.

"बदलते." अर्पिता एक पाऊल पुढे आली. "वर्णन संध्याकाळी छपाईला जाणार आहे, तोवर बदलता येतं. पण आजींना एकदा विचारू द्या."

"तिला काय विचारती? तिला त्यातलं काय कळतंय?"

गोजरबाई खांबाला टेकून सुपात तूर निवडत होत्या. इतका वेळ त्यांनी मान वर केली नव्हती. आता हात थांबला.

"आन छापल्यावर, पोरी?"

"मग नाही, आजी. मलासुद्धा बदलता येत नाही."

"आन कुणी मोठा आला, त्याला न्हाई आवडलं, तर?"

"तरी नाही. नंतर कुणी दुसरं नाव ठेवलं, तरी पहिलंच खरं धरतात. तसा नियमच आहे जगभर."

गोजरबाईंनी सूप बाजूला सारलं.

"मंग गोजर खोड."

राधेश्यामने अंगठा काढला, झाकण लावलं आणि डबा अर्पितासमोर ठेवला. "ऐकलं? मी काय येगळं सांगून राह्यल्तो?"

अर्पिताने लॅपटॉप उघडला. चार महिने या बाईच्या हातची भाकरी खाल्ली होती तिने. तिने ते नाव पुसलं. डोळे भरून आले, ते पडद्यावरच ठेवले.

"गावाचं घाल," राधेश्याम म्हणाला. "कुंभार पिंपळगाव. कुणाला राग येणार न्हाई."

"गोजर ह्याच्या बापानं तांदळात लिवलं, लग्नाच्या दिशी," गोजरबाई म्हणाल्या. "तू सगुणा लिव्ह."