सेकंदाला चौदा हजार

नात पुन्हा रडायला लागली, तेव्हा आजोबांनी मिशी काढून टाकायचं ठरवलं.

दहा महिन्यांची पोर. कुणाकडेही जायची, अगदी कुरिअरवाल्याकडेसुद्धा. फक्त आजोबांच्या खोलीत आणलं की भोकाड पसरायची. मिशी गेली. मग जाड भिंगांचा चष्माही गेला. आजोबा आता सोललेल्या बटाट्यासारखे दिसत होते, आणि चष्मा नसल्यामुळे आरशात त्यांना तेही धड दिसत नव्हतं. पोर रडतच होती. रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन बसायचं, एवढंच निवृत्तीनंतरचं त्यांचं मागणं होतं. तेवढंही मिळू नये, हे त्यांना फार लागलं होतं.

टेबलावरचं काम मात्र झकास चाललं होतं. दवाखान्यात खाटेशेजारी ठेवायच्या यंत्रासाठी एक कंपनी त्यांच्याकडून कन्व्हर्टर, म्हणजे वीज बदलून देणारा डबा, करून घेत होती. दोन बाजूंच्या तारा एकमेकींना न जोडता, मधल्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज रुग्णाच्या बाजूला सुरक्षित पोचवायची. वाद एकच होता: ट्रान्झिस्टरने सेकंदाला किती वेळा उघडझाप करायची? कंपनीतली इंजिनिअर म्हणत होती, लाखभर वेळा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर काडेपेटीएवढा होईल. आजोबा म्हणत होते, चौदा हजार, म्हणजे ट्रान्झिस्टर गार राहील. आयुष्यभर त्यांचे सगळे डबे तेवढ्यावरच चालले होते.

"सर, वीस हजारांच्या खाली ट्रान्सफॉर्मरचा आवाज ऐकू येतो ना?" तिने फोनवर भीत भीत विचारलं.

"मी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर तोंड उघडत नाही," आजोबा म्हणाले. "पस्तीस वर्षं वार्निश पाजतोय त्यांना."

तरी त्यांनी चालू डब्याला कान लावला. चिडीचूप. अहवालात 'आवाज: नाही' असं लिहून त्यांनी झोकात सही ठोकली.

वर्षानुवर्षांच्या सवयीने चाचणीचा डबा घरच्या खोलीत दिवसभर चालू असायचा. सून येता-जाता खोलीचं दार हळूच ओढून घ्यायची. आपल्या एकाग्रतेची घरात केवढी कदर आहे, या विचाराने आजोबांना भरून यायचं.

शुक्रवारी सून धुतलेले कपडे ठेवायला आली. पोर कडेवर होती, तिने लगेच सूर लावला. आजोबांनी एक वायर बदलायला डबा बंद केला. पोर गप्प. चालू केला. भोकाड. हाडाचा इंजिनिअर, हाच प्रयोग त्यांनी आणखी तीनदा केला आणि निष्कर्ष वहीत उतरवून घेतले. मग अहवालातलं 'आवाज: नाही' खोडलं.

त्याच दुपारी त्यांनी कंपनीला कळवलं: साठ हजार. लाख म्हणायला जीभ रेटली नाही. ट्रान्झिस्टर थोडा तापेल, त्याला ॲल्युमिनियमची मोठी पट्टी लावू. बदलाच्या कारणापुढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'तपासनिसाचे कान निकामी.'

चार दिवसांनी नवा डबा चालू झाला. पोर आजोबांच्या मांडीवर बसून त्यांचं नाक ओढू लागली. त्यांना शांतता अगदी पहिल्यासारखीच वाटत होती, पण डोळे मात्र भरून आले.

"बिचारीला किती त्रास झाला असेल," ते सुनेला म्हणाले. "तुला तरी कधी ऐकू आला होता का गं तो आवाज?"

सून हळूच म्हणाली,

"लग्न होऊन आले तेव्हापासून येतोय, बाबा. मला वाटलं, तुम्हाला तो आवडतो."