सियुरच्या घरचं विरजण

ब्रितानं विरजणाचं लाकडी कडं जवाच्या गरम रसात सोडलं आणि रीतीप्रमाणे गळा फाडून ओरडली. विरजण घालताना ओरडलं नाही तर बिअर मिळमिळीत होते, हे व्हॉसच्या डोंगरात शेंबडं पोरही सांगेल.

अंगणात लाकडं फोडणारा तिचा सासरा, सियुर, खूश झाला. "घसा तरी खणखणीत आहे सूनबाईचा!"

ही तिची पहिलीच बिअर. सासू गेल्यापासून दोन नाताळ कोरडे गेले होते. सासूनं वाळवून ठेवलेलं शेवटचं विरजण त्या कड्यावर होतं. सात पिढ्यांचं.

दुसऱ्या दिवशी पिंपात फेसाचा बुडबुडा नव्हता. रस बोटाला सोसवेल इतका निवू द्यायचा असतो. तिनं घाई केली होती. सात पिढ्यांचं विरजण तिनं एका चटक्यात मारलं होतं.

ती गुपचूप शेजारच्या तोर्गेरकडे गेली. कुरणाच्या बांधावरून सियुरचं त्याच्याशी हाडवैर. वीस वर्षांत सियुर ती पायरी चढला नव्हता. पण विरजणाला कुणी नाही म्हणत नाही. म्हाताऱ्या तोर्गेरनं विरजणाची निळ्या काठाची बरणी पुढे केली.

"उपकार झाले, काका."

"उपकार कसले! पळ, रस नासेल."

या खेपेला तिनं आधी बोट बुडवून पाहिलं. मग उशीत तोंड खुपसून ओरडली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी चव घ्यायला सगळी वाडी जमली. त्या दिवशी वैऱ्यालाही दार उघडं असतं, म्हणून तोर्गेरही आला. सियुरनं वाडगा तोंडाला लावला आणि त्याचे डोळे भरून आले.

"हिच्या सासूच्या हातची चव! तोच संत्र्याच्या सालीचा वास! काय रे तोर्गेर, आहे का असं विरजण पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाचं?"

"नाही बाबा," तोर्गेर वाडगा रिकामा करत म्हणाला.

सियुरची छाती अभिमानानं फुगली. सासूचा लाकडी डाव त्यानं सगळ्यांदेखत ब्रिताच्या हाती दिला. तिला मात्र वर बघवेना.

फाटकापाशी तिनं तोर्गेरला गाठलं. "काका, मला हे पचत नाही. मी आत्ता जाऊन सांगते. आमचं विरजण मी मारलं. मामंजी मिरवतायत ते तुमचं आहे."

"माझं?" म्हातारा हसला. "माझं अकरा वर्षांपूर्वीच बुरसलं, पोरी. ती बरणी तुझ्या सासूनंच भरून दिली होती, मागच्या दारानं."