पहिलं नको

दुपारी सगळे जेवायला खाली गेले असताना त्र्यंबकराव वृद्धनिवासातल्या आपल्या न्हाणीघरात घसरून पडले. पाय हलेना. भिंतीवरच्या यंत्राने गोड आवाजात विचारलं, "आजोबा, पडलात का? मदत बोलावू?"

"नको, नको! उगाच कुणाला जेवणावरून उठवायचं," ते सवयीने बोलून गेले.

"बरं आजोबा, कुणाला बोलावत नाही," यंत्र म्हणालं आणि त्याचा दिवा मालवला.

त्र्यंबकराव चपापले. जन्मभर ते आधी नकोच म्हणत आले होते. चहाला, जेवणाला, बायकोच्या आजारपणात धावून आलेल्या शेजाऱ्यांनासुद्धा. मग समोरचा म्हणायचा, "असं कसं?" आणि त्यांचं निभून जायचं. आता नको म्हटलेलं स्वतःहून मागायचं कसं? पुन्हा विचारलं की लगेच हो म्हणू, असं ठरवून ते यंत्राकडे बघत राहिले. कळ छातीपर्यंत चढली तेव्हा त्यांनी लाज सोडली, पण आवाजच फुटेना.

चार वाजता सेविका मंदाताईंनी खोलीचं दार ढकललं. "आजोबा, चहा! आज तुमचं नको-बिको काही ऐकणार नाही हं," असं म्हणत त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि न्हाणीघराच्या बंद दाराशी उत्तराची वाट पाहत त्या उभ्या राहिल्या.