अवसेचं काम

"आज अवसेले मशीनले हात लावता?" रुख्मिणी सिस्टरांनी औषधांचा ट्रे टेबलावर ठेवला. "नाव पौर्णिमा अन् काम अवसेचं. तुमच्यात नसतीन पाळत, आमच्यात पाळतात."

"मशीन पाळत नाई, सिस्टर," पौर्णिमा म्हणाली आणि तिनं सर्व्हरच्या खोलीचं कुलूप उघडलं.

वाशीमच्या त्या दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर सांभाळायचं काम पौर्णिमाकडं होतं. अवस तिनं मुद्दामच धरली होती. आपल्या भागात अवसेला ठरवून ऑपरेशन करून घेतं कोण? पोट दुखून लोळत असला तरी माणूस म्हणतो, अवस जाऊ द्या. त्यामुळं थिएटर रिकामं, वॉर्ड अर्धे. सिस्टिम थोडा वेळ बंद ठेवायला याहून बरा दिवस कुठला?

आणि काम टाळण्यासारखं नव्हतं. दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं होतं, आणि ते बुजवायला कंपनीनं अपडेट पाठवलं होतं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्यानं असंच अपडेट करू करू म्हणत लांबवलं. एका सकाळी चोरांनी त्यांच्या सगळ्या रिपोर्टांना बाहेरूनच कुलूप ठोकलं. पेशंट टेबलावर, आणि त्याचा रक्तगट कोणालाच ठाऊक नाही.

सिस्टरांनी वर्दी दिली असणार. दवाखान्याचे मालक, मोठे सर, लगेच खाली आले.

"पुढच्या महिन्यात करू," ते म्हणाले. "उद्या ऑपरेशनांची रांग हाय. पहिला पेशंट तर अकोल्याच्या योगिनी मॅडमचा. त्या स्वतः ऑपरेशन कराले येऊन राह्यल्या."

"म्हणूनच आज, सर."

"अन् बिघडलं तं? तू उद्यापासून सुट्टीवर. आमी काय आरती करत बसू?"

"उद्या सकाळी मी इथंच असीन."

"सुट्टी घेऊन?"

"हो. सुट्टी घेऊन."

सर जरा नरमले. तरी म्हणालेच, "टेबलावर झोपणाऱ्याले इचारलं का तू?"

"त्याले इचारलं असतं, तं तोबी आजच म्हणला असता."

या बाईशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे सरांना अनुभवानं कळलं होतं. "जबाबदारी तुही," एवढं बोलून ते वर गेले.

पौर्णिमानं आधी सगळ्या माहितीची वेगळी प्रत काढली. ती नुसती काढून ठेवली नाही, दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिली. उघडतच नसेल तर ती प्रत काय चाटायची? मग वॉर्डांना सांगितलं, आता सगळं कागदावर लिहा. आणि अपडेट टाकलं ते फक्त एका कॉम्प्युटरवर, औषधांच्या स्टोअरमधल्या.

त्यावर तिनं एक खोटी पेशंट उभी केली. धुरपताबाई, पेनिसिलिन चालत नाही. असं लिहिलं की नावाच्या वर लाल पट्टी यायला हवी. तीच पट्टी पाहून डॉक्टर सुई बदलतात.

पट्टी आली नाही.

"सांगतलं होतं म्या," सिस्टर मागून म्हणाल्या. "अवस हाय."

पट्टी नसेल तर सुई तशीच टोचली जाईल, आणि टोचणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. पौर्णिमाला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण तिनं पहिलं काम केलं ते अपडेट काढून टाकायचं. मग कंपनीच्या सतीशला नागपूरला फोन लावला.

"मॅडम, बाकी सगळीकडं चालून राह्यलं," सतीश म्हणाला. "टाकून द्या सगळ्या मशीनवर. पट्टीचं पाहू मंग निवांत."

"निवांत? त्या पट्टीवर माणूस जगते, भाऊ. पट्टी दिसल्याबिगर मी दुसऱ्या मशीनले हात लावणार नाई. अन् तुमी फोन ठेवायचा नाई."

"जेवाले तरी जाऊ द्या."

"डबा तिथंच आणा."

सतीश कुरकुरला, पण बसला. बऱ्याच वेळानं त्याला सापडलं. अपडेटमधला एक तुकडा पाठवायचाच राहून गेला होता. तो आला. पौर्णिमानं परत पहिल्यापासून सुरुवात केली. तीच प्रत, तोच स्टोअरमधला कॉम्प्युटर, तीच धुरपताबाई.

या वेळी नावाच्या वर लाल पट्टी आली.

मग एकेक मशीन. प्रयोगशाळा, वॉर्ड, रक्तपेढी. प्रत्येक ठिकाणी ती धुरपताबाई उघडून पाहायची आणि मगच उठायची. थिएटर तिनं शेवटी घेतलं. तिथं मात्र तिनं दोनदा पाहिलं, आणि झाल्यावरही जरा वेळ रिकाम्या टेबलाकडं बघत उभी राहिली.

ऊन उतरायच्या आत सगळं चालू झालं. सिस्टर स्वतः चहा घेऊन आल्या.

"हेकेखोर हाव तुमी," त्या म्हणाल्या. "पण काम पक्कं करता. सुट्टीत कामरगावले चालल्या का, माहेरी?"

"पुढं जाईन. आराम कराले."

"करा बाई. चेहरा उतरला तुमचा."

पौर्णिमानं चहा संपवला, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली सिस्टरांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सर आल्याआल्या थेट थिएटरमध्ये गेले. कॉम्प्युटर चालतो की नाही, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. भूल देणारे डॉक्टर पडद्यावरची माहिती वाचत होते. डॉ. योगिनी हातमोजे चढवत होत्या.

"काही अडचण?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही," डॉ. योगिनी म्हणाल्या. "मी अकोल्यालाच करू म्हणत होते. गाठ मोठी आहे. पण पेशंट ऐकेना. म्हणाली, भरवसा इथल्याच सिस्टिमवर आहे."

सरांना बरं वाटलं. दोन शब्द धीराचे बोलावेत म्हणून ते टेबलावर वाकले. हिरव्या चादरीखाली पौर्णिमा होती.