वापरकर्ता क्रमांक बारा

मंगळवारी सकाळी आई फोनवर मुलाखत देत होती. नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर फोन. पलीकडे बोलणारं माणूस नाही हे ठाऊक असूनही तिनं केस नीट विंचरले होते आणि इस्त्रीचे कपडे घातले होते.

"यंत्राचा काही त्रास होतो का?" आवाजानं विचारलं.

"छे, छे. काही त्रास नाही," आई म्हणाली, आणि मग चाळीस मिनिटं बोलत राहिली.

मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, कानात इयरफोन घालून ऑफिसचं काम करत होती. ऑक्सिजनचं ते यंत्र तिच्याच कंपनीचं. नव्या मॉडेलसाठी बारा रुग्णांच्या मुलाखती हव्या होत्या. अकरा जण मिळाले, बारावं नाव तिनं आईचं घातलं. आपलं नातं मात्र कुठे लिहिलं नाही. मुलाखती घेणं, त्यांचा सारांश काढणं, त्यावरून नवं यंत्र कसं असावं याचा मसुदा तयार करणं, हे सगळं एआय सहायक करायचा. ऑफिसात त्याला चिटणीस म्हणत.

फोन ठेवून आई आत आली. "तुमचा चिटणीस भारी गोड बोलतो गं. पण पंचवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी. समोरच्यानं काही सांगितलं की आम्ही ते परत म्हणून दाखवायचो. हा नुसता 'समजलं, समजलं' करतो. काय समजलं ते कळायचं कसं?"

"त्यानं सगळं लिहून घेतलंय, आई."

"घेतलं असेल. पण तूच का नाही विचारलंस? एका घरात राहतो आपण."

"मी विचारलेलं धरत नाहीत. घरचं माणूस घरच्याला खरं सांगत नाही म्हणून."

आई हसली. "तेही खरंच. तुला कुठे सांगितलं असतं मी!"

बुधवारी संध्याकाळी मुलगी ऑफिसातून परतली, तेव्हा आई कुशीवर पडली होती. झोपल्यासारखी. यंत्र बंद पडलं होतं. त्यावर जाड टॉवेल घडी करून टाकला होता, आणि टॉवेल अजून ऊबदार होता.

डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं थकलीच होती. टॉवेलबद्दल तिनं तीनदा विचारलं. नक्की काही सांगता येणार नाही, असं ते तीनदा म्हणाले.

तीन आठवड्यांनी मसुद्याची मीटिंग झाली. साहेब खुशीत होते.

"बारा मुलाखती एका दिवसात! पूर्वी तीन महिने लागायचे. माणसं घरोघर जायची, चहा पिऊन यायची आणि पेशंटच्या नातवंडांची नावं सांगायची." सगळे हसले.

"सगळ्यात भारी मागणी बारा नंबरची," डिझाइनर म्हणाला. "त्यांना दुपारी गजर नकोय. म्हणून हे बघा, 'शांत दुपार'. एकदा दाबलं की तीन तास गजर बंद." पडद्यावर एक निळं बटण आलं. त्यावर मिटलेला डोळा काढला होता.

"कुठला गजर?" तिनं विचारलं.

"यंत्र तापल्यावर वाजतो तो. बाकी बाई एकदम समाधानी. 'काही त्रास नाही' म्हणाल्यात."

ती पुढे झुकली. "मूळ बोलणं लावा पडद्यावर."

"सारांश आहे की. चाळीस मिनिटांची बडबड कोण वाचत बसणार?"

"लावा म्हटलं ना!"

डिझाइनरनं मुकाट्यानं पान उघडलं. सगळं होतं. चिटणिसानं एक शब्द गाळला नव्हता. ती उभी राहून मोठ्यानं वाचू लागली.

"दुपारी भिंतीपलीकडचं बाळ झोपतं, नेमकं तेव्हाच हे मेलं किंचाळतं. म्हणून मी त्याच्यावर टॉवेल टाकते. मग ते तापतं आणि जास्तच किंचाळतं, की मी अजून एक घडी घालते. असं केलेलं चालतं ना हो? मुलीला विचारणार होते, पण ती कामात असते."

खाली चिटणिसाचं उत्तर होतं. "समजलं. ही माहिती फार उपयुक्त आहे. पुढचा प्रश्न. यंत्राचा रंग तुम्हाला कसा वाटतो?"

कुणीतरी हसू दाबलं.

"हसताय काय?" ती कडाडली. "ही मागणी आहे? त्या विचारत होत्या! चालतं का, एवढंच विचारलं त्यांनी. उत्तर कुणी दिलं नाही आणि तुम्ही त्या टॉवेलचं बटण केलंत. आता घरोघर टॉवेल पोचवा, कंपनीचा शिक्का मारून!"

"अगं, हळू," साहेब म्हणाले. "यंत्र आहे ते, चुकायचंच. म्हणून तर प्रत्येक मुलाखत माणसानं वाचायची असा नियम केलाय आपण. ही कुणी तपासली?"

डिझाइनरनं पान तळापर्यंत सरकवलं. तिथं हिरवी खूण होती, मंगळवारची तारीख होती आणि तपासणाऱ्याचं नाव होतं. त्यानं ते मनात वाचलं आणि तिच्याकडे पाहिलं.

साहेबांनीही वाचलं. "बरं, असू दे," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "कामाच्या घाईत होतं असं. त्या बाईंनाच फोन लावा आणि नीट विचारून घ्या, त्यांना काय म्हणायचं होतं ते."

डिझाइनरनं फोन उचलला.

"लावू नका," ती म्हणाली. आता तिचा आवाज अगदी खाली आला होता. "ती माझी आई. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी गेली. तिचं बोलणं आदल्या संध्याकाळीच माझ्याकडे आलं होतं. बारा मुलाखती होत्या. मी बाराही खुणा एका मिनिटात केल्या. आईचं मी वाचलंच नाही."