दाराला हार

कौन्सलसाहेबांनी गुलाबांचा जाड हार दोन्ही हातांवर घेतला आणि विचारलं, "फोटो कुठे आहे?"

ते मद्रासहून आले होते. त्यांच्या देशाच्या वकिलातीसमोर, तिकडे सातासमुद्रापार, बॉम्ब फुटला होता आणि आत हिशेब लिहीत बसलेला भामाबाईंचा सूर्यनारायण गेला होता. देह हाती लागलाच नाही. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकली. आता काही महिन्यांनी ते सरकार तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत हार घेऊन उभं होतं. मागे पेपरवाले, आणि केबल टीव्हीचा माणूस खांद्यावर कॅमेरा घेऊन.

फोटो होता, पण एकच. लग्नातला. सूर्यनारायण आणि अखिला इतकी चिकटून बसलेली, की मध्ये सुपारी मावू नये. गेलेल्याचा हार जित्या अखिलाच्याही गळ्यात पडणार होता.

भामाबाईंनी फोटो छातीशी धरला आणि सोडीनात.

"द्या, पाट्टी," फोटोग्राफर सुब्रमण्यम तमिळमध्ये, आजीला हाक मारावी तसा, म्हणाला. "बाईंची बाजू छापताना कापून टाकू. पेपरात तुमचा मुलगाच तेवढा येईल."

"पेपर कापशील. हार कसा कापशील?"

"रीळ छापायला त्रिचीच्या बसने जायचंय, पाट्टी."

"मग तूच बस खुर्चीवर. तुझ्या गळ्यात घालू दे. तुझी बस चुकायला नको."

केबलवाला हसला आणि लगेच गप्प झाला.

आतल्या दाराआडून अखिला मराठीत म्हणाली, "घालू द्या, आत्या. मज आणखी काय व्हायचं राहिलंय?"

"तू गप बस गे."

अखिला नुसती सून नव्हे, भावाची लेक. भामाबाईंनीच हट्टाने मागून आणलेली.

साहेब घामाने निथळत होते. त्यांनी दुभाष्या हरिप्रसादला हळूच विचारलं, आपलं काही चुकलं का.

आता भामाबाई म्हणजे कोण, हे गल्लीला ठाऊक. मोठ्या देवळाच्या कळसाची सावली भुईवर का पडत नाही? तर त्यांच्या पणजोबांनी ती घडी घालून पेटीत ठेवली आहे. पेटी दाखवा म्हटलं, तर किल्ली राजाकडे. अशा बाईला त्या दुपारी अजून एकही गोष्ट सुचली नव्हती. मग सुचली.

"साहेबांस सांग," त्या हरिप्रसादला म्हणाल्या. आवाज असा, जणू पोथी वाचतात. "आमच्यांत, राजांच्या काळापासून, परमुलुखात गेलेल्याच्या फोटोस हार घालत नाहीत. तो अजून वाटेत आहे. त्याचा हार दाराच्या चौकटीस, बाहेरून. येईल तेव्हा त्याचा तो घेईल."

शेजारचे बाळकृष्णराव सत्तर वर्षं त्याच गल्लीत राहत होते. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. भामाबाईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं.

"होय की," बाळकृष्णराव म्हणाले. "माझ्या चुलत्याचाही असाच घातला होता."

साहेबांनी बूट काढले. दाराबाहेर जाऊन चौकटीच्या खिळ्याला हार अडकवला आणि मान खाली घालून उभे राहिले. कॅमेरे वाजायचे थांबले तरी ते हलेनात. शेवटी हरिप्रसादशी काही बोलले.

"साहेब म्हणतात, त्यांचा एक मित्रही त्याच इमारतीत होता. त्यांच्याकडे असा रिवाज नाही. असता तर बरं झालं असतं, म्हणतात."

भामाबाईंनी पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत दार आलं. एकाने लिहिलं, रिवाज तीनशे वर्षांचा. दुसऱ्याने लिहिलं, पूर्वी खिळा चांदीचा असे. एकाने सूर्यनारायणाचं नाव चुकवलं. रिवाज मात्र कोणी चुकवला नाही.

"आत्या, हे सगळं रचलेलंच ना?" अखिलाने विचारलं.

"तुझ्या गळ्यात पडला का? नाही ना? मग पुरे."

पुढच्या आठवड्यात पापनाशमहून एक बाई बसने आली. पेपराचा तुकडा पदराच्या गाठीला बांधलेला. ओसरीच्या कडेला बसली, पाणीही घेईना.

"माझा लेक आखातात होता, लॉरीवर. बाजारात बॉम्ब फुटला. पेटी आली, पण उघडू नका म्हणाले." तिने गाठ सोडली. "आमचंही मराठीच घर. पण रीत सांगायला थोरलं कोणी उरलं नाही. आमच्याकडे साहेब नाही आला, पेपरवालाही नाही. हार मीच घालीन. दाराच्या कोणत्या अंगास, एवढं सांगा. चुकायला नको."

एरवी भामाबाईंनी तिथल्या तिथे त्या रिवाजाला हत्ती आणि चौघडा जोडला असता. आज त्यांनी एवढंच विचारलं,

"आत येताना तो हात कुठे टेकायचा?"

बाईने डोळे मिटून आपलं दार आठवलं. "डावीकडे. चप्पल काढताना."

"मग तिकडेच."

बाईने तुकडा पुन्हा गाठीला बांधला, पाणी प्यायली आणि उठली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून मागे वळली.

"आणि काढायचा कधी?"

अखिला आतून बाहेर येऊन उभी राहिली होती. खिळ्यावरच्या पाकळ्या वाळून काळ्या पडल्या होत्या. मधेमधे नुसता दोरा दिसत होता.

"ते मज ठाऊक नाही, बाई," भामाबाई म्हणाल्या. "आम्ही अजून काढला नाही."