सहा नंबरची प्लेट

वेल्डरची भरती यंदा माझ्या पद्धतीने होती. कारखान्यातली पहिली बाई फोरमन मी. तोंड बघून माणसं निवडणाऱ्यांनी मला तीन वर्षं झाडायला लावलं होतं. म्हणून सहाही उमेदवारांनी मी पोचायच्या आधीच मुखवटे चढवले, नावाऐवजी नंबर घेतले. त्यांनी जोडलेल्या प्लेटा दाबयंत्राखाली वाकवल्या. पाच तडकल्या. सहा नंबरची दुमडली, तरी हूं की चूं नाही. मला राहवेना. “ही बाईच असणार, लावता पैज?” मी मॅनेजरना म्हणाले. मुखवटा वर झाला. पांढऱ्याशुभ्र मिशा. ऐनवेळी एकजण गळाला म्हणून क्लार्कने बोलावलेले साठीचे काका; त्यांचा अर्ज मीच ‘हात थरथरत असतील’ म्हणून बाजूला टाकला होता. “जमलं का, मॅडम?” “उद्यापासून या, काका,” म्हणत मी धावतच केबिन गाठली. मी तसेच बाजूला टाकलेल्या उरलेल्या अकरा अर्जांचा गठ्ठा सोडताना माझेच हात थरथरत होते.